वस्तीला कोण राहिलं

१

आमची सिया चालायची नाही, धावायची. बेडरूममधून स्वयंपाकघरात, तिथून बाल्कनीत, हरवलेला मोजा शोधायलासुद्धा धावत. आणि पायांबरोबर तोंडही चालू. सात वर्षांची पोर, पण बडबड अशी की समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत मिळू नये. आम्ही बेलव्ह्यूला अपार्टमेंटमध्ये राहतो, वरच्या मजल्यावर. बांधकाम लाकडी, त्यामुळे वर पाऊल पडलं की खाली दणका. खाली डोना राहते, रिटायर्ड नर्स, एकटी. फारच झालं की ती झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. मग मी ओरडायची, "सिया, हळू!" आणि ही बया कार्पेटला तोंड लावून ओरडायची, "सॉरी, डोना!" डोना खालून हसायचीही बिचारी. पण मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. स्वतःच्या पोरीला दिवसभर गप्प बस, हळू चाल सांगत राहायचं, हे काय आयुष्य झालं?

म्हणून घर हवं होतं. आपलं, खाली कुणी नसलेलं.

इतकी वर्षं घरांच्या किमती ऐकूनच आम्ही हात टेकले होते. मग कंपन्यांनी माणसं काढायला सुरुवात केली आणि किमती उतरायला लागल्या. दुसऱ्याचं नुकसान बघून खूश होऊ नये, पण मी झाले. खोटं कशाला बोलू? प्रतिमाताई आमची एजंट, मूळची ठाण्याची, इथे घरं विकण्यातच केस पिकलेली. ती म्हणाली, "बॉथेलला एक घर आहे, पण शॉर्ट सेल आहे. धीर असेल तर बघा."

शॉर्ट सेल म्हणजे काय, तेही तिनेच सांगितलं. "घरमालक बुडतोय, पण बँकेला सांगून बुडतोय. कर्ज जास्त, घराची किंमत कमी. तो बँकेला म्हणतो, येईल त्या किमतीला विकू द्या आणि बाकीचं सोडा. बँक हो म्हणाली की घर तुमचं. पण बँक महिनोन्महिने हो म्हणत नाही. तोवर घर ना त्याचं, ना तुमचं."

विकणारे आपलेच निघाले. विष्णू आणि मालिनी सबनीस. त्याची इथली नोकरी गेली, दुसरी देशाच्या पार त्या टोकाला, मॉरिसव्हिलला मिळाली आणि दोघं सामान भरून तिकडे निघून गेले. घर रिकामं होतं. गल्लीच्या टोकाला, मागे उंच सीडारची झाडं. सिया दारातून सुटली ती थेट जिन्याने वर. मी सवयीने तोंड उघडलं, तर प्रतिमाताई म्हणाली, "अगं पळू दे की, खाली कोण आहे इथे?"

"पळ," मी म्हटलं. "हवं तेवढं पळ."

उतरत्या छताची वरची खोली सियाने तिथल्या तिथे स्वतःच्या नावावर केली.

२

आम्ही ऑफर दिली, बँकेकडे कागद गेले आणि वाट बघणं सुरू झालं. त्यात सांगलीहून सासूबाईंचा फोन. यंदा अधिक महिना आहे, तो लागायच्या आत एकच दिवस बरा आहे, मग चातुर्मास, मग तुळशीच्या लग्नापर्यंत काही नाही.

"आई, घर अजून आपलं झालेलं नाही," मी म्हटलं.

"होणारच आहे ना? मग कलश न्या, दूध उतू घाला, झालं. सामान नंतर हलवा."

मी बायोटेकच्या लॅबमध्ये काम करते. प्रत्येक गोष्टीला पुरावा मागायची सवय आहे मला. पण हे मलाही हवं होतं. एकदा दूध उतू गेलं की घर आपलं होईल, असं कुठेतरी आत वाटत होतं. यशोधन, माझा नवरा, म्हणाला, "होऊ दे ना यार आईच्या मनासारखं." प्रतिमाताईने कपाळावर हात मारला, पण तयार झाली. "पाहणीसाठी म्हणून उघडून देते. फेसबुकवर फोटो टाकलेत तर माझ्याशी गाठ आहे."

शनिवारी सकाळी गेलो. परकर-पोलक्यातली सिया, हातात कलश, उजवं पाऊल आत. आम्ही तिच्या मागून. विजेच्या शेगडीवर दूध तापायला फार वेळ लागला. सगळे पातेल्याकडे टक लावून उभे, सियासुद्धा गप्प. मग एकदम फसफसून वर आलं, कडेवरून उतरलं, तापल्या शेगडीवर चर्र झालं आणि सियाने टाळ्या पिटल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं.

व्हिडिओवर सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "आता आज वस्तीला राहा हं. दूध उतू घातलेल्या घराला लगेच कुलूप लावत नाहीत. निदान एका माणसाने तरी झोपावं."

मी यशोधनकडे बघितलं. प्रतिमाताई फोनच्या मागे उभी राहून दोन्ही हातांनी नाही-नाही करत होती. मी काही बोलणार, तेवढ्यात सियाने फोनमध्ये तोंड घातलं. "आय विल स्टे, आजी! मी राहणार!"

"राहा गं माझी बाय," सासूबाई खूश.

आम्ही सगळे हसलो. शेगडी पुसली, कुलूप लावलं, प्रतिमाताईने किल्ली दाराला लावलेल्या आकड्यांच्या कुलपाच्या डबीत ठेवली. येताना डोसे खाल्ले. सिया गाडीत झोपली, तिला यशोधनने उचलून वर आणलं.

३

पुढच्या आठवड्यात डोना मला लाँड्रीत भेटली. हातात कुकीजचा डबा. म्हणाली, थँक यू, किती दिवसांनी मी दुपारी झोपू शकते आहे, मुलीला कसं काय शिकवलंत? मी डबा घेतला आणि म्हटलं, मोठी होतेय आता. मनातून सुखावले. सांगून सांगून एकदाचं डोक्यात शिरलं म्हणायचं.

त्याच संध्याकाळी मी पोळ्या करत होते. सिया माझ्या मागून पळत बाल्कनीकडे गेली. मी लाटत राहिले. काहीतरी चुकलंय असं वाटलं, पण काय ते कळेना. फ्रिजची घरघर बंद पडल्यावर होतं ना, तसं. मग ती परत आली. केस उडतायत, फ्रॉक उडतोय, पावलं फरशीवर दाणदाण पडतायत. मी बघत होते. आणि आवाज नव्हता.

तव्यावरची पोळी करपली.

"सिया, पुन्हा पळ."

"व्हाय?"

"पळ गं, सांगते ना!"

तिने मोजे घातले असतील म्हणून मी खाली बघितलं. अनवाणी होती. मी गुडघ्यांवर बसून फरशीला हात टेकवला आणि ती माझ्या शेजारून धावत गेली. फरशी जराही हलली नाही.

"डिड आय डू इट राइट?" तिने विचारलं. आवाज होता तिचा तेव्हा. फक्त जरा लांबून आला, पलीकडच्या खोलीतून बोलल्यासारखा.

४

मी काय काय म्हणून मनाची समजूत काढली ते सांगते. परागकणांचे दिवस आहेत, माझेच कान बसलेत. मुलगी वाढतेय, हलकी चालते. झोप होत नाहीये माझी, बँकेच्या काळजीने. सगळं पटण्यासारखं होतं. मग मी लॅबमध्ये करतात तसं केलं. तिला चेंडू दिला, आपट म्हटलं. चेंडूचा आवाज आला. चमचा ताटलीवर वाजव म्हटलं, वाजला. मग म्हटलं, टाळी वाजव. तिचे दोन तळवे एकमेकांवर आपटले, लाल झाले. आवाज काही आला नाही. मी तिला थांबवलं आणि पोटाशी धरलं. उबदार होती, केसांना शाम्पूचा वास येत होता. सगळी माझी पोर होती.

हळूहळू आवाजही गेला. ती बोलायची तशीच, पण एकेक शब्द विरत चालला. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं, सगळं नॉर्मल. धक्का बसला की मुलं गप्प होतात, म्हणाले. काउन्सेलरचं नाव दिलं. डॉक्टरांना मी टाळी दाखवली नाही. का नाही, सांगता येत नाही. बहुतेक त्यांनीही ती पाहिली असती, म्हणून. शाळेत तिची टीचर म्हणाली, किती छान ऐकून घेते आता ती! मला त्या बाईच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली.

यशोधन घरूनच काम करतो, दिवसभर हेडफोन लावून. मी सांगितलं तर म्हणाला, "डॉक्टर बोललेत ना, मग? तू उगाच तिच्यासमोर इश्यू करतेस." तो भित्रा नाही, पण बघायचं नसलं की बघत नाही.

आणि मग प्रतिमाताईचा फोन आला. "अस्मिता, खरं सांग. तू सियाला घेऊन त्या घरी जातेस का?"

"नाही, का?"

"समोरचे म्हातारेबुवा तक्रार करतायत. म्हणे घरात लहान मूल दिवसभर पळतं."

५

माझी लॅब बॉथेललाच. जेवणाच्या सुट्टीत मी गेले. प्रतिमाताई दारात उभी होती, हातात मिरचीचा स्प्रे. रिकाम्या घरांत लोक घुसून राहतात, तिला तशी भीती. आत बंद घराचा वास. प्रत्येक खोलीत ती आधी मान घालायची, मग मी. खालचा मजला रिकामा. मागचं दार आतून बंद. "उगाच त्रास देतात म्हातारी माणसं," ती म्हणाली. "घर विकलं जाऊ नये म्हणून—"

वर पावलं वाजली.

खोलीपासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून परत खोलीपर्यंत. टाच आधी टेकवून, वळताना जरा घसरत. ती धाव मला ओळखू येणार नाही? गेली कित्येक वर्षं मी तिच्यावर ओरडत आले आहे. प्रतिमाताईने माझं मनगट धरलं. "रकून असेल, छपरात शिरतात ती जनावरं," ती पुटपुटली. "नाहीतर हीटिंगच्या पाइपात हवा."

मग गुणगुणणं ऐकू आलं. मोजे शोधताना सिया एक बिनअर्थाचं गाणं म्हणते, स्वतःच केलेलं. म्हणजे म्हणायची.

माझ्या तोंडून निघून गेलं. विचार करून नव्हे हो, निव्वळ सवयीने. "सिया, हळू!"

पावलं जागच्या जागी थांबली. मग वरून, अगदी स्वच्छ, "सॉरी, डोना!"

मी जिना चढले. प्रतिमाताई खालून माझं नाव घेत होती, पण वर आली नाही. खोली रिकामी होती. उतरत्या छताखाली कार्पेटचा एक तुकडा हाताला गरम लागला, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा. मी तिथे बसूनच शाळेला फोन लावला. ऑफिसातल्या मुलीने वर्गात चौकशी केली आणि सांगितलं, सिया बाकावर बसून चित्र काढतेय, गुपचूप, नेहमीसारखी.

"परत इथे यायचं नाही," प्रतिमाताई बाहेर आल्यावर म्हणाली. तिने किल्ली घाईघाईने डबीत टाकली. "माझं लायसन्स जाईल." लायसन्सचं ते फक्त निमित्त होतं.

६

त्या दुपारी मी मालिनी सबनीसला फोन केला. कधी भेटलो नव्हतो, पण बाई मोकळी. तुमच्या वेळी घरात काही आवाज वगैरे, असं मी चाचरत विचारलं. नाही हो, शांत घर, ती म्हणाली. मग मी मुहूर्ताचं सांगितलं. तिला आनंद झाला. "बरं केलंत. आम्ही तर घाईत नुसतं सामान टाकलं होतं. आणि मग वस्तीला कोण राहिलं?"

मी फोन ठेवला.

आता मला एकच गोष्ट हवी होती. ते घर लवकरात लवकर आपलं व्हावं, आम्ही तिघांनी तिथे जाऊन झोपावं आणि माझी पोर पुन्हा एक व्हावी. इथे अंग आणि तिथे आवाज, असं नको. याला आधार काय म्हणाल, तर काही नाही. पण दुसरं काही सुचत नव्हतं मला.

आणि यशोधनला नेमकं उलट. किमती अजून उतरत होत्या, बँक ढिम्म. "याच पैशात याच्यापेक्षा मोठं घर मिळेल, अस्मिता. आपण कॅन्सल करू."

"कॅन्सल केलंस तर तोंड बघणार नाही तुझं."

"एका घरासाठी?"

"सियासाठी!"

"तू लॅबमध्ये काम करतेस," तो शांतपणे म्हणाला, "आणि असं बोलतेस."

त्याने मला न विचारता प्रतिमाताईला कळवून टाकलं. मला दोन दिवसांनी समजलं. मी भांडायची तयारी करून ऑफिसमधून घरी आले, दार उघडलं. यशोधन सिंकपाशी कप धूत होता, पाठमोरा. हेडफोन नव्हते. त्याच्या मागे, चार पावलांवर, बाल्कनीच्या सरकत्या दारात सियाचं बोट अडकलं होतं. तिचं तोंड पूर्ण उघडं, मानेच्या शिरा ताठलेल्या, चेहरा लालबुंद. ती जिवाच्या आकांताने ओरडत होती. आणि हा कप धूत होता.

मी दार ओढलं तेव्हा त्याने वळून बघितलं. बोट काळंनिळं झालं होतं, नख फाटलं होतं. कधीपासून अडकलं होतं, कोण जाणे. यशोधन तिथेच फरशीवर बसला आणि ढसाढसा रडला. तिच्या बोटाला पट्टी बांधताना तो सारखा म्हणत होता, "मला नाही ऐकू आलं गं, बाळा, बाबाला नाही ऐकू आलं." सिया त्याचे डोळे पुसत होती.

नंतर त्याने स्वतःच प्रतिमाताईला फोन लावला, कॅन्सल करू नका म्हणून. उशीर झाला होता. बँकेने फाइल बंद केली होती. आता घर बँक स्वतः ताब्यात घेणार आणि लिलावात काढणार. बँकेची माणसं कुलूपही बदलून गेली होती.

७

तरी आम्ही गेलो. संध्याकाळी, उजेड असतानाच. गाडीत पांघरुणं, उशा, दुधाची बाटली. चोरासारखे. दाराला नवं कुलूप, खिडक्यांना आतून स्क्रू. यशोधन मागच्या बाजूला बघून आला आणि त्याने मान हलवली. सिया माझा हात धरून पायरीवर उभी होती, पट्टीचा हात छातीशी धरून.

मी दारावर थाप मारली. "सिया?"

स्वतःच्या मुलीचा हात हातात धरून तिलाच हाक मारत होते मी. तेव्हा त्यात काही विचित्र वाटलं नाही.

वर पावलं सुरू झाली. धावत जिन्यापर्यंत, धडाधड जिना उतरून, हॉलमधून थेट दाराशी. यशोधनने माझा खांदा घट्ट धरला. त्यालाही ऐकू आलं होतं.

"आई?" दाराच्या पलीकडून.

किती दिवसांनी ऐकला मी तो आवाज! "हो गं राजा, मी आहे. आतून कडी फिरव. जमेल तुला. उजवीकडे फिरव."

कडी खुडबुडली. हळूहळू फिरायला लागली.

आणि माझा हात ओढला गेला. सिया मला मागे खेचत होती, सगळा जीव लावून. मी खाली बघितलं. तिचे ओठ हलत होते. महिनाभर तिचे ओठ वाचून वाचून मला सवय झाली होती. ती म्हणत होती, आई, घरी चल. आई, घरी चल ना.

मी वाट बघितली, की आता हेच आतून ऐकू येईल. ओठ इथे, आवाज तिथे, असंच मी धरून चालले होते.

आतून आवाज आला, "आई, आत ये ना."

ओठ अजून हलत होते. घरी चल, घरी चल. मग ते थांबले. आणि आतला आवाज बोलतच राहिला. "बाबा पण आलाय? आई, तुझ्याबरोबर ती कोण आहे?"

सियाने माझ्या कमरेत तोंड खुपसलं. तिच्या डोळ्यांचं पाणी माझ्या कुर्त्यातून कातडीला लागलं.

दाराच्या बाजूला खडबडीत काचेची उभी पट्टी आहे. तिच्यावर आतून एक हात टेकला. सियाच्या उंचीवर. पाचही बोटं नीट, कुठे जखम नाही, पट्टी नाही. त्याच्या मागे फिकट काहीतरी, चेहरा असेल. काचेवर श्वासाचा डाग उमटला आणि गेला.

कडी पूर्ण फिरली. खट्.

मी काय केलं ते सांगते. मी दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि माझ्याकडे ओढून ठेवली. दार उघडू नये म्हणून. यशोधनला ओरडले, "हिला गाडीत घाल!" त्याने सियाला उचललं आणि पळाला. आतून दार ओढलं जात होतं. फार जोर नव्हता त्यात. सात वर्षांच्या पोराचा असतो तेवढाच होता.

"आई, मी आहे," आतून आवाज आला. "आई, इट्स मी."

मी मूठ सोडली नाही. मी रडत होते, पण सोडली नाही. दाराला कपाळ लावून म्हणत होते, नाही, नाही, नाही. मग ओढणं थांबलं. आत कुणीतरी नाक ओढलं. थोड्या वेळाने पावलं मागे वळली आणि जिना चढून वर गेली, एकेक पायरी.

मी गाडीत जाऊन बसले. यशोधनने गाडी काढली.

८

घर लिलावात गेलं. कुणी घेतलं ते प्रतिमाताईला माहीत आहे, मी विचारलेलं नाही. बॉथेलच्या त्या बाजूला मी जात नाही. लॅबला दुसऱ्या रस्त्याने जाते, लांब पडतो.

सिया बरी आहे. वजन वाढलंय, उंच झाली आहे. खुणांची भाषा शिकते आणि आम्हालाही शिकवते. यशोधन माझ्यापेक्षा लवकर शिकला, दोघं जेवताना तासन्‌तास हात हलवत असतात आणि मध्येच हसतात. तो म्हणतो, ही आपली आहे, संपलं. कसं ठरवलंस, असं मी त्याला कधी विचारलं नाही. मीही ठरवलं होतं ना, त्या दारात, दोन्ही हातांनी. बरोबरच ठरवलं. जी रडत होती, जिचं बोट ठेचलं होतं, जिची आसवं माझ्या अंगाला लागली, ती माझी. आणि आत जी होती तिचा आवाज मी जन्मापासून ऐकला होता.

शाळेतून आली की सिया दप्तर टाकते आणि माझ्यापुढे हात पसरते. मी तिला जवळ घेते, रोज घेते. फक्त घेण्याआधी मी जरा थांबते. श्वासाएवढंच. नको म्हटलं तरी थांबते. तिला ते कळतं. ती हात तसेच पसरून उभी राहते, माझ्या चेहऱ्याकडे बघत, आणि मग स्वतःच जवळ येते.